राहण्यायोग्य जागा नाही

एका बाईने आयुष्यातली पहिली सही माझ्या कागदावर केली, आणि तो कागद खोटा होता. सही करायला तिला मीच शिकवलं होतं. मजकूरही माझाच होता. तिला सही करता येत होती पण वाचता येत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या कागदापायी पुढे तिच्या गावची शाळा बंद पडली. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात शिक्षक म्हणून माझे दोन-तीन सत्कारही झाले, आणि प्रत्येक वेळी गळ्यात हार पडताना मला तो कागद आठवला. त्या समारंभांत मी बोललो मात्र नाही.

आता बोलतो आहे त्याला कारण एक पत्र. दिलीप नावाचा माझा जुना विद्यार्थी आफ्रिकेत शिक्षक आहे. शहरात नव्हे, एका खेड्यात. तिथल्या गावकऱ्यांनी मिळून त्याला राहायला घर दिलं आहे, मातीच्या भिंतींचं, वर गवत असलेलं. आता मैलभरावर एक पत्र्याचं, विजेचे दिवे असलेलं घर रिकामं झालंय आणि दिलीपला तिकडे बिऱ्हाड हलवायचं आहे. त्याने लिहिलंय, "सर, ज्या बाईच्या आवारात मी राहतो ती रोज सकाळी न सांगता दारात पाणी भरून ठेवते. तिला काय सांगून निघू? तुम्ही नोकरीची सुरुवात खेड्यात केलीत. तुम्हाला ठाऊक असेल."

पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर लिहायला बसतो आणि 'प्रिय दिलीप'च्या पुढे जात नाही. अशात संपादकांनी दिवाळी अंकासाठी शिक्षकी पेशातले गमतीचे अनुभव मागितले. गमती आहेत, त्यातल्या एक-दोन सांगतोही. पण मी हो म्हटलं ते या कागदासाठी.

मी कल्याणचा. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्ष-दीड वर्षाने मला प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागली, आणि दोन गावं फिरून मी मानपाड्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका आगरी गावात आलो. गावाचं नाव लिहीत नाही. आज त्या बाजूला कारखान्यांची धुराडी दिसतात. तेव्हा भातशेती, मिठागरं आणि चिखलाची वाट एवढंच होतं. डोंबिवली स्टेशनापासून पायी दीड तास. पावसाळ्यात किती ते चिखलाने ठरवायचं.

शाळा एकशिक्षकी होती. म्हणजे काय ते आजच्या वाचकांना सांगायला हवं. एक खोली, एक मास्तर आणि चार इयत्ता. पहिलीला धुळाक्षरं गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे म्हणायला लावायचं, तिसरीला शुद्धलेखन घालायचं आणि चौथीला तोंडाने शिकवायचं. दुसरीचा पाढा थांबला की समजायचं, तिकडे मारामारी सुरू आहे. कान चार दिशांना आणि तोंड एकीकडे. एकशिक्षकी शाळेत दोन वर्षं काढलेला मास्तर पुढे कुठल्याही गोंगाटात शांत झोपू शकतो. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत वर्ग निम्मा व्हायचा आणि मिठागरं सुरू झाली की निम्म्याचा निम्मा.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी तिसरीला विचारलं, "मीठ कोण तयार करतं, सांगा बरं?" पुस्तकातलं उत्तर होतं, सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन मीठ तयार होतं. गंगू नावाची एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, "माजी आय."

साहेब हसले. "आणि सूर्य काय करतो मग?"

"तो वरून बगतो," गंगू म्हणाली.

साहेबांनी शेरा चांगला दिला. ही गंगू म्हणजे हिराबाईची मुलगी, आणि ज्या बाईच्या सहीबद्दल मी लिहितो आहे ती ही हिराबाई.

हिराबाई विधवा होती, पस्तिशीच्या आतबाहेरची. वीतभर शेती, मिठागरावरची मजुरी आणि कुडाच्या भिंतींचं एक घर. मी गावात आलो तेव्हा पोलीस पाटलांनी सगळ्यांना देवळापाशी जमवून विचारलं, मास्तरला कोण जागा देतं? नियम असा होता की शिक्षकाने शाळेच्या गावातच राहायचं. जिथे मास्तर राहतो तिथे शाळा भरते, आणि जिथे तो रोज दुरून येतो तिथे पावसाळ्यात चार महिने कुलूप असतं, हे खात्याला अनुभवाने कळलेलं होतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. हिराबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "माज्या घरात दोघीच हाव. अर्दं घर मास्तरचं."

तिने भाताची कणगी आपल्या बाजूला ओढून घेतली, मधे कूड घातला, जमीन सारवली आणि मी लग्न करून कुसुमला, माझ्या बायकोला, तिथे आणलं. पहिल्याच दिवशी कुसुम सहज बोलून गेली, "इथे वाचायला थोडा उजेड हवा होता." तशा घरांना खिडकी नसते, दारातून येईल तेवढा उजेड. आठ दिवसांनी मी शाळेतून आलो तर भिंतीला भगदाड पाडलेलं आणि हिराबाई पदर खोचून त्यात चौकट बसवून घेत होती. चौकट तिने कल्याणहून डोक्यावरून आणली होती.

पाटील बाहेर उभे राहून चेष्टा करत होते. "हिराबाय, चोराला वाट करून देतेस का गं?"

"चोर काय नेल, कणगी?" ती म्हणाली. "बाय शिकलेली हाय. तिला आंदारात ठेवू का?"

त्या खिडकीतून दुपारी उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडायचा आणि कुसुम तो जसजसा सरके तसतशी पाट सरकवून वाचत बसायची. मी हे मुद्दाम तपशिलाने लिहितो आहे. पुढे लागेल.

त्या काळात आम्हा शिक्षकांवर प्रौढांना साक्षर करायचीही जबाबदारी होती. माझ्या वर्गाला दुपारी चार-पाच बाया यायच्या आणि आठवड्याभरात गळायच्या. टिकली ती हिराबाई. पण तिला अक्षरओळख नको होती. ती मला स्पष्ट म्हणाली, "मना माजं नाव पायजे. बाकीचा पुस्तक तुमच्याकडंच राहू द्या."

मी विचारलं, नावच का? ती म्हणाली, "मिठागरावर हजेरीला अंगठा लागतो. मुकादम हात धरतो, शाईवर दाबतो, कागदावर दाबतो. सोडायला उशीर लावतो. सही आली तं माजा हात कोन धरनार नाय."

मी तिला 'हिरा' शिकवलं. सुपात मीठ पसरून ती त्यात बोटाने गिरवायची. मिठागरावरच्या राशीवरसुद्धा नाव काढून बघायची, असं गंगू सांगे. 'ह'ने तिला महिनाभर छळलं. पण तिचं खास वैशिष्ट्य होतं वरची रेघ. दोन अक्षरांपुरती जी रेघ मारायची, ती हिराबाई दोन्ही बाजूंना बोट-बोटभर पुढे काढायची. मी म्हटलं, "एवढी लांब नको." तर म्हणाली, "छप्पर म्होरं काडलं म्हंजे पावसाचं पानी भिंतीला लागत नाय." मी हसलो आणि रेघ तशीच राहू दिली.

तर असं आमचं चाललं होतं, आणि खोटं कशाला सांगू, कुसुम तिथे सुखात होती. सुखात नव्हतो तो मी.

ठाण्याला कोपरीत माझ्या मेहुण्यांचं घर होतं. तिथे एका मुंजीला आम्ही गेलो. पंगत बसली होती. मेहुणे वाढता वाढता माझ्यापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांना जरा सांभाळून वाढा रे. सवय राहिली नसेल. काय हो, बोंबील उन्हात घालायला शिकलात की नाही अजून?"

पंगत हसली. कोणीतरी म्हणालं, "कपड्यांना वास येतोच आहे की." मीही हसलो, पण तो दिवसभर मी माझ्या सदऱ्याचा वास घेत होतो.

अंगणात मासळी सुकायची हे खरं. आम्ही शाकाहारी. पण हिराबाईने आमच्या बाजूला एकदाही दोरी बांधली नव्हती, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर ती गंगूला पाठवून आमची खिडकी लावून घ्यायला सांगायची. वासाने मला कधी जेवण गेलं नाही असं झालं नव्हतं. त्या पंगतीनंतर मात्र होऊ लागलं. माझ्याबरोबर शिकलेले दोघे डोंबिवलीला चाळीत राहत होते. तिथे वाचनालय होतं, दिवे होते, संध्याकाळी चार शिकलेली माणसं भेटत. मला तिथे जायचं होतं. रोज दीड तास चालून शाळेत येण्याची माझी तयारी होती, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

ठाण्याच्या कचेरीत चौकशी केली. कारकुनाने नियम सांगितला. शाळेच्या गावाबाहेर राहायची परवानगी मिळते, पण गावात योग्य जागा नसेल तरच, आणि तसा दाखला हवा. पोलीस पाटलांचा चालेल किंवा ज्या घरात आपण राहता त्या घरमालकाचा.

पाटलांना थोडं वाचता येत होतं. म्हणून मी पाटलांकडे गेलो नाही.

कागद मी शाळेतच लिहिला, मुलं पाढे म्हणत असताना. मजकूर मला आजही पाठ आहे. 'दाखला देण्यात येतो की, सदर शिक्षक राहत असलेले माझे घर कोंदट असून त्यास हवा व उजेड नाही. कुटुंबासह राहण्यायोग्य अशी दुसरी जागा या गावात नाही.' अक्षर सुरेख काढलं होतं. अक्षराबद्दल माझी ख्याती होती.

दुपारी हिराबाई मिठागरावरून आली. मी म्हटलं, "कचेरीत एक कागद द्यायचाय. घरमालकाची सही लागते."

"काय लिवलंय त्यात?"

"मी तुमच्या घरी राहतो, असं."

यात अक्षरही खोटं नव्हतं, अशी मी त्या क्षणी स्वतःची समजूत घातली.

"सही?" ती म्हणाली. "कागदावरची? खरी?" तिचा चेहरा असा उजळला की मला कागद फाडून टाकावासा वाटला. पण फाडला नाही. तिने हातपाय धुतले, हात पदराला तीन-तीनदा पुसले, शेजारच्या दोघी बायांना हाका मारल्या आणि खिडकीतून पडलेल्या उजेडाच्या चौकोनात पाट ठेवून बसली. मी टाक बुडवून दिला. 'ह'ची वेलांटी काढताना तिची जीभ दातांत होती. शेवटी तिने ती लांबच लांब रेघ मारली, आणि गंगू ओरडली, "आये, छप्पर कागदाभायेर जाल!"

शेजारणीने विचारलं, "आता मुकादम काय धरल गं?"

"आता माजा टाक धरल," हिराबाई म्हणाली, आणि तिघी हसल्या. मी शाई वाळायची वाट बघत उभा होतो.

महिन्याभरात परवानगी आली. गावात मी सांगितलं की वरून हुकूम आलाय. बैलगाडी हिराबाईनेच ठरवली. ट्रंक, वळकटी, पाट, कुसुमची पुस्तकं सगळं तिने आणि शेजारणींनी गाडीत नीट रचलं. तिने नव्या तांदळाने कुसुमची ओटी भरली आणि मला म्हणाली, "मास्तर, कचेरीला आमच्या घरात काय वावगं दिसलं?"

मी म्हटलं, "नियम आहे हो. माझ्या हातात काय आहे?"

गाडी गावाबाहेर आल्यावर कुसुमने विचारलं, "खरंच हुकूम आलाय?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं, तुला तिथलं सोसत नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, "माझं नाव पुढे करू नका."

चाळीतली आमची खोली मधली होती. तिची एकच खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. दिवसासुद्धा दिवा लावावा लागे.

रोज चालत जाईन म्हणालो होतो ते पहिल्या पावसाळ्यातच कोलमडलं. खाडे झाले. वर्षभरात मला डोंबिवलीच्या एका हायस्कुलात जागा मिळाली आणि मी प्राथमिकची नोकरी सोडली. माझ्या जागी कोणी येईल असं मी धरून चाललो. धरून चाललो म्हणजे विचारच केला नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी हिराबाई आमच्या दारात उभी राहिली. हातात कुसुमसाठी तांदळाची पिशवी. चाळीतली माणसं गॅलरीतून बघू लागली तसा मी तिला घाईघाईने आत घेतलं. ती बसली आणि पहिली तिची नजर गेली खिडकीकडे. "ही खिरकी आमच्यापरीस ल्हान हाय की ओ," ती कुसुमला म्हणाली. कुसुम पाणी आणायला उठली.

मग तिने येण्याचं कारण सांगितलं. "मास्तर, आपली शाला गेली."

मी गेल्यापासून गावाला मास्तरच मिळाला नव्हता. पाटील आणि चार जण कचेरीत गेले. तिथे त्यांना फाईल काढून सांगण्यात आलं की तुमच्या गावात शिक्षकाला राहायला योग्य जागा नाही, तुमच्याच गावाने तसं लिहून दिलंय. शिक्षक कमी आहेत, जिथे जागा आहे तिथे आधी देऊ. लिहून कोणी दिलं? तर हिराबाईने. सही आहे.

"मी कवा लिवून दिलं?" हिराबाई मला विचारत होती. "मी कागदावर सही केली ती तुमच्या एकाच, तुमी माज्याकडं राहता त्याच्यावर. ह्या दुसऱ्या कागदावर कोनी तरी माजी खोटी सही केली. गावात बाया बोलतान, सही शिकली नि शाला घालवली. मास्तर, माजी सही तुमी शिकवलीव. तुमी वलकाल. ठान्याला चला नि सांगा, ही हिराबायची सही नव्हं म्हनून."

ती मला साक्षीदार म्हणून न्यायला आली होती. एवढ्या मोठ्या फसवणुकीतही तिच्या मनात माझं नाव आलं नव्हतं.

मी काय म्हणालो? "बघतो," म्हणालो. "परीक्षा होऊ देत, मग जाऊ." ती गेल्यावर कुसुमने दार लावलं आणि विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं?" मी सांगितलं. ती तांदळाची पिशवी तशीच उचलून आत गेली. तो तांदूळ तिने बरेच दिवस शिजवला नाही.

त्या 'बघतो'मध्ये मी जवळजवळ वर्ष काढलं. पहिल्या खोट्यापेक्षा मला हे वर्ष जास्त लाजिरवाणं वाटतं. पहिलं खोटं मी एका दुपारी बोललो. हे मी रोज उठून, दाढी करून, मुलांना शिकवायला जाताना बोलत होतो. कारणं होती. हायस्कुलातली नोकरी कायम व्हायची होती. खोटा दाखला केला असं आपणच जाऊन सांगितलं तर काय होईल याची भीती होती. वर्गावर मुलांना खरं बोलण्यावर निबंध घालायचो आणि तपासताना मान वर करत नसे.

मग एक दिवस बाजारात पोलीस पाटील भेटले. शाळेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कुसुमची चौकशी केली. निघताना मीच विचारलं, "हिराबाई कशी आहे?"

"हाय की," पाटील म्हणाले. "मिठागरावर जाते. गंगू पन जाते आता, शाला नाय तं काय करल? हिराबायनं सही सोरली, मास्तर. परत अंगठा देते. मी बोललो, येते तं कर की. तं बोलते, माज्या सहीनं माजं काय भलं नाय झालं."

मुकादम हात धरतो आणि सोडायला उशीर लावतो, हे मला आठवलं. मी भाजी न घेता घरी आलो आणि कुसुमला म्हटलं, उद्या रजा टाकतो.

ठाण्याच्या कचेरीत माझा जबाब घ्यायला कोणी तयार होईना. एक वयस्कर साहेब मला म्हणाले, "तुम्ही आता आमच्या नोकरीत नाही. कशाला उकरून काढता? गावाला नवा अर्ज करायला सांगा, प्रकरण संपलं." मी म्हटलं, अर्ज होईल, पण आधी त्या बाईचं नाव यातून सुटलं पाहिजे. शेवटी त्यांनी फाईल मागवली. तो कागद मी चार वर्षांनी पाहिला. माझं सुरेख अक्षर, आणि खाली दोन्ही बाजूंना पुढे आलेली ती रेघ. मी तिथेच बसून लिहून दिलं की हा मजकूर माझा, खोटा, आणि सही करणाऱ्या बाईला तो वाचून दाखवलेला नाही. दाखल्याची नक्कल करून घेतली. साहेब मला म्हणाले, "शाळेचं मी बघतो." त्यांनी बघितलं. पुढच्या वर्षी त्या गावाला मास्तर मिळाला आणि शाळा आजही आहे. पण गंगू तेव्हा बारा वर्षांची झाली होती. ती परत शाळेत गेली नाही. हे माझ्या कुठल्याही जबाबाने भरून निघालेलं नाही.

पुढच्या रविवारी मी आणि कुसुम गावात गेलो. पाटलांना सांगून लोकांना हिराबाईच्या अंगणात जमवलं. गाव माझ्याशी चांगलं वागत होतं, कोणी पाणी आणून दिलं, कोणी म्हणालं, मास्तर वाळलात. मी उभा राहिलो आणि दाखल्याची नक्कल वाचली. कोंदट, हवा नाही, उजेड नाही, सगळं वाचलं. मग सांगितलं की हे मी लिहिलं, हिराबाईला वाचून दाखवलं नाही, आणि शाळा माझ्यामुळे गेली, तिच्यामुळे नाही.

मागून एक जण म्हणाला, "आनि आमी हिराबायला बोल लावला." एक म्हातारा उठून निघून गेला. पाटील म्हणाले, "मास्तर, माज्याकडं आला असतात तं मी तुमाला डोंबिवलीला राहा बोललो असतो. एवरंच होतं ना?" एवढंच होतं. ते मला तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. मला विचारायचंच नव्हतं. दिलीपला उत्तर लिहीन तेव्हा हेच लिहीन.

हिराबाई ओट्यावर बसली होती. मी बरोबर नवा अर्ज लिहून नेला होता, 'आमच्या गावात शिक्षकासाठी हवेशीर जागा आहे, ती मी देत आहे' असा, तिच्या नावाने. मी तो तिच्यापुढे धरला आणि वाचू लागलो. तिने हात वर केला.

"तुमी नको," ती म्हणाली. "गंगू, तू वाच."

गंगू तिसरीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर जोडत, 'हवेशीर'पाशी अडखळत, पुन्हा मागे जात तिने चार ओळी वाचल्या. खूप वेळ लागला. वाचून झाल्यावर हिराबाईने विचारलं, "तेवरंच हाय ना? खाली अजून काय नाय ना?" गंगूने कागद उलटा करून पाहिला आणि मान हलवली. मी टाक पुढे केला. हिराबाईने तो घेतला नाही. तिने शाईत अंगठा बुडवला आणि स्वतःच, कोणी हात न धरता, कागदावर उमटवला.

मग अंगठा पदराला पुसत तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ह्या शालेचं झालं," ती म्हणाली. "माज्या घराचं काय?"

तिच्या मागे दार उघडं होतं. आतली आमची बाजू तिने तशीच सारवून ठेवली होती, रिकामी. खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर पडला होता. मी ओट्याखाली तिच्यासमोर जमिनीवर बसलो, हात जोडले आणि जे चार वर्षांपूर्वी कागदावर लिहायला हवं होतं ते सगळ्यांच्या देखत बोललो.

"हिराबाई, तुमच्या घरात उजेड होता. हवा होती. मी इतकी बिऱ्हाडं केली, त्यांत तुमच्या घराइतकी राहण्यायोग्य जागा मला कुठे मिळाली नाही. मी खोटं लिहिलं आणि त्याच्याखाली तुमचं नाव घेतलं. मला माफ करा."